नाव राहिले, भाषा बदलली : गोव्याच्या 'ओ हेराल्दो'ची कहाणी

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात नाशिक रोड येथे बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, वसई आणि पुणे परिसरातून जसे भाविक येतात, तसेच ते गोव्याहूनही येतात. लांबचा प्रवास करून आलेल्या या गोवेकर बांधवांपैकी एखाद्याच्या पिशवीतून त्यांच्याकडचे वर्तमानपत्र डोकावताना दिसते. मजकूर सगळा इंग्रजी. नाव मात्र 'ओ हेराल्दो'. इंग्रजी वर्तमानपत्राचे हे कसले नाव, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहिला तर नवल नाही. या लहानशा प्रश्नाच्या उत्तरात एका भाषेच्या अस्ताचा आणि एका वर्तमानपत्राच्या पुनर्जन्माचा इतिहास दडलेला आहे.

प्रथम नावाचा अर्थ पाहू. 'ओ' हे पोर्तुगीज भाषेतील नामाआधी येणारे पुल्लिंगी उपपद होय. मराठीत असे उपपद नसल्यामुळे आपल्याला तो 'ओ' उगाच जोडल्यासारखा वाटतो. 'हेराल्दो' म्हणजे राजाचा संदेश जाहीर करणारा, आगमनाची वर्दी देणारा, थोडक्यात निरोप पोहोचवणारा. मराठी कॅथलिक वाचकाला येथे एकदम ओळखीचे काहीतरी सापडावे. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी सुरू केलेले आपले 'निरोप्या' मासिक नावाने याच 'हेराल्दो'चे भावंड आहे. जाता जाता सांगायचे म्हणजे पोर्तुगीज उच्चारात 'ह' मुका असतो. त्यामुळे जुन्या काळातील पणजीकर हे नाव घेताना आपण लिहितो तसा 'ह' उच्चारत नसत.

गोव्यात छपाई आली ती १५५६ साली, येशूसंघीयांच्या सेंट पॉल महाविद्यालयात. भारतातील हा पहिला छापखाना. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. परंतु पुस्तके छापणे वेगळे आणि बातम्या छापणे वेगळे. पुढे गोव्यातील छपाई दीर्घकाळ बंद पडली आणि 'गझेता द गोवा' हे पहिले वृत्तपत्र निघण्यास १८२१ साल उजाडावे लागले. तेही सरकारी होते. खाजगी पत्रांचा काळ त्यानंतर आला. १८५९ साली मडगावहून 'ओ उल्त्रामार' आणि १८६१ साली ओर्ली गावाहून 'आ इंदिया पोर्तुगेझा' ही पत्रे सुरू झाली. दोन्ही सासष्टीतील दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची व त्यांच्या राजकीय गटांची मुखपत्रे होती. दैनिक मात्र त्यांपैकी एकही नव्हते.

पोर्तुगीज वाचणारा समाज त्या वेळी केवळ गोव्यापुरता मर्यादित राहिला नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. नोकरीधंद्यासाठी गोवेकर मुंबईस येत, तेथून रेल्वेच्या मार्गाने पुढे सरकत. इगतपुरी, मनमाड, भुसावळ ही रेल्वेची ठाणी आणि देवळालीची छावणी यांच्या आश्रयाने आपल्या भागात स्थायिक झालेली गोवेकर कुटुंबे याच ओघातील होत. या स्थलांतरितांसाठी मुंबईत १८८६ साली 'ओ आंग्लो लुसितानो' हे इंग्रजी व पोर्तुगीज अशा दोन भाषांतील साप्ताहिक निघाले. १८८९ साली तर पुण्याहून एदुआर्द ब्रुनो द सौझा यांनी 'उदेंतेचें साळक' हे पत्र काढले. कोकणी भाषेतील पहिले नियतकालिक म्हणून त्याचे नाव घेतले जाते आणि ते गोव्यात नव्हे, तर पुण्यात निघाले! परमुलखात गेलेल्या माणसाला आपल्या भाषेतील बातमीची भूक अधिक असते, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वातावरणात १९०० साली पणजीत 'ओ हेराल्दो' सुरू झाले. ते गोव्यातील पहिले दैनिक. संस्थापक होते प्राध्यापक मेसियास गोमिश. त्यांना साथ होती लुइस द मिनेझिस ब्रागांझा या तरुण लेखकाची. रोज सकाळी ताजी बातमी छापून देणे ही त्या काळच्या लहानशा पणजीत साधी गोष्ट नव्हती. एकेक खिळा हाताने जुळवून मजकूर उभा करणारे जुळारी, परदेशच्या बातम्यांसाठी तारेवरचे अवलंबन आणि शेजारच्या गावी अंक पोहोचवण्यासाठी होडीची वाट पाहणे, असा तो व्यवहार होता. पुढे मेसियास गोमिश यांनी १९०८ साली दुसरे पत्र काढले आणि त्याचे नाव ठेवले नुसते 'हेराल्दो'. म्हणजे एकाच गावात एक 'ओ' असलेला आणि एक 'ओ' नसलेला असे दोन निरोपे फिरू लागले. आजही जुन्या संदर्भांत या दोहोंची गल्लत होते, ती त्यामुळेच.

मिनेझिस ब्रागांझा यांच्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. पोर्तुगीज भाषेवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते आणि त्याच भाषेतून त्यांनी पोर्तुगीज सत्तेला जाब विचारला. धर्मसंस्थेवर टीका करण्यासही ते कचरत नसत. ती टीका त्या काळच्या श्रद्धाळू वाचकांना बोचली असणार. तथापि गोव्यातील माणसाला स्वतःच्या भवितव्याचा हक्क आहे, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्याच भाषेत राज्यकर्त्यांना ऐकवणारा हा लेखक होता. १९३८ साली ते निवर्तले. पणजीतील 'इन्स्तितुतो व्हास्को द गामा' या १८७१ सालच्या संस्थेला १९६३ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

१९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तेव्हा गोव्यातील पत्रांनाही मोकळा श्वास मिळाला होता. १९२६ नंतर लिस्बनमध्ये हुकूमशाही आली आणि सालाझार यांच्या राजवटीत छपाईपूर्वी मजकूर तपासून घेण्याची सक्ती झाली. संपादकाने लिहायचे, सरकारी माणसाने खोडायचे आणि उरलेले वाचकांनी वाचायचे, अशी ही व्यवस्था १९६१ पर्यंत टिकली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पोर्तुगीज ही गोव्यातील सर्वसामान्य कॅथलिक माणसाची बोलभाषा कधीच नव्हती. घरात, शेतात, होडीवर आणि प्रार्थनेतही कोकणी होती. मिस्सा लॅटिनमध्ये होती. हिंदू समाजाच्या शिक्षणात व वाचनात मराठी होती. कचेरी, न्यायालय, लिसेव म्हणजे सरकारी माध्यमिक विद्यालय आणि सुशिक्षित घराण्यांची बैठक, एवढाच पोर्तुगीजचा संचार. त्यामुळे पोर्तुगीज दैनिकाला प्रतिष्ठा मोठी आणि वाचकवर्ग लहान, ही अवस्था पहिल्या दिवसापासूनच होती. सत्तेचा आधार सुटताच या भाषेचे काय होणार, हे ओळखणे फारसे कठीण नव्हते. गोव्यातील ख्रिस्ती माणूस म्हणजे पोर्तुगीज बोलणारा माणूस, हा आपल्याकडील एक जुना गैरसमज आहे. तो या निमित्ताने दूर झाल्यास बरे.

बातमी कागदावरून हवेत गेली, तेव्हा भाषेचा हा प्रश्न आणखी ठळक झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तुगीज सरकारने गोव्यात नभोवाणी केंद्र उभे केले. 'एमिसोरा द गोवा' या नावाने ते प्रसिद्ध झाले. पोर्तुगीजसोबत कोकणी व मराठीतही त्यावर कार्यक्रम होत, कारण ज्याच्यापर्यंत पोहोचायचे त्याची भाषा बोलावीच लागते, हे सरकारलाही कळत होते. याला उत्तर म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ रोजी एक गुप्त नभोवाणी सुरू झाली. पोर्तुगीजमध्ये तिचे नाव 'व्होझ द लिबेरदाद' आणि कोकणीत 'गोंयच्या सोडवणेचो आवाज'. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे तिचे चालक. प्रथम आपल्या महाराष्ट्रातील आंबोलीच्या रानातून आणि नंतर कॅसल रॉकच्या बाजूने हे प्रक्षेपण चाले. साप, विंचू, मुसळधार पाऊस यांच्या सोबतीत या दोघांनी जवळजवळ सहा वर्षे बातम्या लिहिल्या आणि वाचल्या. त्यांनी कोकणीबरोबर पोर्तुगीजचीही निवड केली. सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाने आणि स्वतः पोर्तुगीज अधिकाऱ्यानेही ऐकावे, हा त्यामागील हेतू.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाने बांबोळी येथील पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पोर्तुगीजांनी शरणागती पत्करल्याची वार्ता सरदेसाई व लिबिया लोबो यांनी वायुदलाच्या विमानातून, ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने, पोर्तुगीज आणि कोकणी अशा दोन्ही भाषांत गोव्याच्या आकाशात जाहीर केली. पोर्तुगीज सत्ता संपल्याची बातमी पोर्तुगीज भाषेतच दिली गेली, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हटला पाहिजे. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या वयाने शंभरी गाठली होती.

एमिसोराची जागा आकाशवाणीच्या पणजी केंद्राने घेतली. तेथे नाव, मालक आणि मुख्य भाषा या तिन्ही गोष्टी एका फटक्यात बदलल्या. सरकारी माध्यमात असे होणे स्वाभाविक असते. वर्तमानपत्राचे तसे नसते. त्याला वाचकाच्या घरात जागा मिळालेली असते आणि ती वटहुकुमाने हलवता येत नाही.

मुक्तीनंतर गोव्यात वाचनाचा नकाशा झपाट्याने पालटला. १९६२ साली 'गोमंतक' हे मराठी दैनिक सुरू झाले, १९६३ साली 'नवहिंद टाइम्स' हे इंग्रजी दैनिक. गावोगावी शाळा उघडल्या. पोर्तुगीज शिक्षणाची साखळी तुटली आणि मराठी व इंग्रजी माध्यमांनी तिची जागा घेतली. कॅथलिक कुटुंबांतील मुले बहुतांशी इंग्रजी शाळांत गेली. आजोबा पोर्तुगीज वाचणार, वडील दोन्ही वाचणार आणि नातू फक्त इंग्रजी, असे चित्र एकाच घरात दिसू लागले. 'ओ हेराल्दो' मात्र पोर्तुगीजमध्येच निघत राहिले. १९६१ ते १९८३ ही तब्बल २२ वर्षे भारताच्या एका भागात एक पोर्तुगीज दैनिक प्रसिद्ध होत होते, ही गोष्ट आज अनेकांना खरी वाटत नाही. या काळात पोर्तुगालमध्ये हुकूमशाही कोसळली आणि १९७४ च्या अखेरीस त्या देशाने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. भाषेचा राजकीय डंख त्यामुळे कमी झाला असेल, पण वाचक काही वाढले नाहीत. जे होते ते वृद्ध होत चालले होते. वर्तमानपत्राचा वाचक वर्गणी न भरल्याने जातो, तसा वयोमानानेही जातो, आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही तर दोष कोणाला द्यायचा?

अखेर १९८३ साली निर्णय झाला. चालकांसमोर वाटा कोणत्या होत्या, याचा विचार केल्यास त्या निर्णयाचे मोल कळते. पत्र बंद करता आले असते. पोर्तुगीज भाषेतील इतर पत्रांच्या वाट्याला ते आलेच होते. कोकणीत काढावे, तर रोमी लिपीत की देवनागरीत, हा प्रश्न समाजाला दुभंगणारा होता. मराठीत आधीच समर्थ स्पर्धक उभा होता आणि 'ओ हेराल्दो'चे परंपरागत वाचक मराठी वाचणारे नव्हते. राहिली इंग्रजी, म्हणजे त्या आजोबांच्या नातवाची भाषा. ऑक्टोबर १९८३ मध्ये 'ओ हेराल्दो' इंग्रजी दैनिक म्हणून वाचकांसमोर आले. मुंबईतील इंग्रजी नियतकालिकांचा अनुभव असलेले राजन नारायण त्याचे संपादक झाले.

भाषा बदलली, तरी नाव टाकले नाही. यात केवळ भावना नव्हती, व्यवहारही होता असे आमचे मत आहे. नाव टाकले असते, तर ते १९८३ साली जन्मलेले एक नवखे पत्र ठरले असते. नाव ठेवल्यामुळे ते १९०० सालचे राहिले. शिवाय त्या नावातच एक सोय होती. 'ओ हेराल्दो' या रोमी अक्षरांतील पहिला आणि शेवटचा 'ओ' झाकला की उरतो तो चोख इंग्रजी शब्द 'हेराल्ड'. गोव्यातील माणूस बोलताना 'हेराल्ड' म्हणू लागला आणि कागदावर 'ओ हेराल्दो'ही टिकून राहिले. पुनर्नामकरणासाठी आज कंपन्या मोठा खर्च करतात. येथे दोन अक्षरांवर बोट ठेवून काम भागले!

नव्या रूपातील या दैनिकाची पहिली मोठी कसोटी लगेचच लागली. १९८५ ते १९८७ या काळात गोव्यात राजभाषेचे आंदोलन पेटले. मराठी दैनिके मराठीच्या बाजूने, तर 'हेराल्ड' कोकणीच्या व घटक राज्याच्या मागणीच्या बाजूने उभे राहिले. आपण मराठी वाचक या वादाकडे साहजिकच आपल्या खिडकीतून पाहतो. त्यातील कटुता आणि गेलेले बळी दोन्ही बाजूंनी विसरता कामा नयेत. परंतु एक विसंगती नजरेआड करता येत नाही. कोकणीसाठी लढणारे हे पत्र पोर्तुगीज नावाचे होते आणि इंग्रजीत लिहीत होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषेचा कायदा झाला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य बनले. त्याच महिन्याच्या १५ तारखेस पुणे धर्मप्रांतातून आपला नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला होता, हा निव्वळ योगायोग. पण तारखा लक्षात ठेवण्यास उपयोगी.

या बदलात काय गमावले, तेही नोंदवले पाहिजे. १९०० पासूनची ८३ वर्षांची पाने आज बहुसंख्य गोवेकरांना वाचता येत नाहीत. आपल्या पणजोबांनी लिहिलेले पत्र, आपल्या गावच्या चर्चच्या सणाचा वृत्तांत, एखाद्या घराण्याचा वाद, साथीच्या वर्षातील मृत्यूंच्या वार्ता, हे सारे त्या पानांत आहे आणि तेथे पोहोचण्यासाठी दुभाषी लागतो. पत्र जिवंत राहिले, परंतु त्याची स्वतःची स्मृती त्याच्या वाचकांना परकी झाली. याला दुसरा उपाय होता, असे मात्र आम्हाला वाटत नाही.

पोर्तुगालकडे पाहिले, तर याच्या नेमके उलट घडलेले दिसते आणि ती कथाही आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे. तेथील कॅथलिक धर्मसभेचे 'रेडिओ रेनासेंसा' हे नभोवाणी केंद्र १९३० च्या दशकापासून चालत आले आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी मध्यरात्रीनंतर याच केंद्रावरून एक ठरलेले गीत वाजले, तो क्रांतिकारी सैनिकांसाठी संकेत होता आणि त्याच दिवशी हुकूमशाही कोसळली. पुढे खाजगी दूरचित्रवाणीस परवानगी मिळाली, तेव्हा रेनासेंसासह धर्मसभेशी संबंधित संस्थांनी पुढाकार घेऊन 'टीव्हीआय' ही वाहिनी उभारली. २० फेब्रुवारी १९९३ रोजी तिचे प्रक्षेपण सुरू झाले. दूरचित्रवाणीचा खर्च मात्र वर्तमानपत्रासारखा नसतो. तोटा वाढत गेला आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाहिनी धर्मसभेच्या हातून निसटून 'मीडिया कॅपिटल' या व्यापारी समूहाकडे गेली. २००९ साली या समूहाने 'टीव्हीआय २४' ही अखंड बातम्यांची वाहिनी काढली आणि २२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिचे नाव पुसून तेथे 'सीएनएन पोर्तुगाल' ही अमेरिकन नाममुद्रा परवान्याने लावली. बातम्या पोर्तुगीजमध्येच, नाव मात्र परक्याचे. पणजीत नाव पोर्तुगीज राहिले आणि भाषा परकी झाली. लिस्बनमध्ये भाषा राहिली आणि नाव परके झाले.

दोन्ही ठिकाणी कारण एकच. पणजीतील चालकांकडे नाव होते, वाचक उरले नव्हते, म्हणून त्यांनी वाचकांची भाषा घेतली. लिस्बनमधील चालकांकडे भाषा होती, परंतु स्पर्धेत उठून दिसेल असे नाव नव्हते, म्हणून त्यांनी नाव भाड्याने आणले. आपल्याकडेही २०२३ साली प्रसार भारतीने 'ऑल इंडिया रेडिओ' हे इंग्रजी नाव बाजूला सारून सर्वत्र 'आकाशवाणी' हेच वापरण्याचे ठरवले. घराघरांत ते नाव आधीपासूनच रुळलेले असल्याने फारसे कोणाला काही जाणवलेही नाही.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी जुन्या गोव्यास जाणाऱ्या आपल्या धर्मप्रांतातील भाविकांना एक सूचना कराविशी वाटते. पणजीच्या कदंब बसस्थानकाजवळ पाटो भागात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या या ग्रंथालयाला आज सोळाव्या शतकातील एका मराठी ग्रंथकाराचे नाव आहे. जुन्या पोर्तुगीज वृत्तपत्रांचा संग्रह तेथे जपलेला आहे. भाषा येत नसली तरी पिवळी पडलेली ती पाने जरूर पाहावीत. ख्रिस्ती नावे, गावांची नावे आणि सणांच्या तारखा कोणालाही वाचता येतात.